एका पेटीतल्या दोन आवृत्त्या

वृंदा तोडकरच्या तोंडून जवळजवळ दोन वर्षांनी पहिला समजण्यासारखा शब्द निघाला, तो 'पाणी'.

मिरजेतल्या एका मेंदूविकार रुग्णालयाच्या तपासणीच्या खोलीत ती बसली होती. समोर डॉक्टर शिरगुप्पे होते आणि बाजूला पडद्यावर डोळे लावून बसलेली रुग्णालयाची संगणक अभियंता, तब्बसुम मुजावर. तब्बसुमने नवी प्रणाली सुरू केली आणि मान हलवली.

"काहीही बोला, वृंदाताई," डॉक्टर म्हणाले. "मनात येईल ते."

घसा कोरडा पडला होता, म्हणून मनात पाणीच आलं. शब्द स्पष्ट उमटला. थोडा सपाट, थोडा सावकाश, पण आवाज तिचाच होता. तब्बसुमने हसत उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. वृंदाने तो हातात घेतला आणि पाणी तिच्या साडीवर, टेबलावर, तब्बसुमच्या बाहीवर सांडलं. तिचा उजवा हात फडफडत होता. पाठोपाठ डावाही. काही वर्षांपूर्वी थांबवलेला कंप परत आला होता.

दाराशी तिचा नवरा सुहास उभा होता. तो जन्मापासून बहिरा. त्याला तिचा आवाज कळला नाही. त्याने फक्त हात पाहिले आणि धावत येऊन ते धरले.

"बंद कर," डॉक्टर तब्बसुमला म्हणाले. "जुनं लाव परत."

काही क्षणांत हात शांत झाले. वृंदाने सुहासला काही नाही, ठीक आहे, असं खुणेने सांगितलं. मग ती डॉक्टरांकडे वळून बोलायला गेली. ओठ हलले, घशातून नुसती घरघर आली.

वृंदा त्या भागात दुभाषी म्हणून माहीत होती. कर्णबधिर माणसं हातांनी बोलत आणि ती त्यांचं बोलणं आवाजात सांगे. ऐकणारे बोलत, ते ती हातांनी सांगे. पोलीस ठाणं, बँक, बाळंतपणाची खोली, लग्नाची बैठक, कोर्ट, जिथे बोलावणं येई तिथे ती जाई. ही भाषा ती कॉलेजात असताना संध्याकाळच्या वर्गात शिकली होती. त्या वर्गात सरावाला मदत करायला सांगलीतला एक शिलाई मशीन दुरुस्त करणारा तरुण येत असे. तो सुहास. वृंदाच्या वडिलांनी लग्नाला यायचं नाकारलं, तरी लग्न झालं. खुणांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. जावा आपापल्या नवऱ्यांना 'अहो' म्हणत तेव्हा ही दोघं पहिल्या दिवसापासून एकमेकांना 'तू' होती. मूल झालं नाही. पण घर कधी गप्प वाटलं नाही. तो दुकानात मशीन उघडून बसलेला असायचा, ती रस्त्याच्या पलीकडून भाजी घेता घेता त्याच्याशी बोलायची, आणि येणारे-जाणारे बघत राहायचे.

पन्नाशी ओलांडता ओलांडता तिला कंपवात झाला. आधी हात गेले. बोटं एक आकार धरीनात, एका खुणेत दुसरी मिसळू लागली. लोकांना वाटलं बाईंचे हात थरथरतात, एवढंच. सुहासच्या दृष्टीने मात्र बायकोची वाचा गेली होती. तेव्हा डॉक्टर शिरगुप्प्यांनी तिच्या मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, त्या तारांना विजेचे ठोके पाठवणारी एक छोटी पेटी ठेवली. कंप थांबला. घर पुन्हा बोलू लागलं.

मग हळूहळू आवाज गेला. आधी बारीक झाला, मग पुटपुटणं, मग तेही नाही. लोकांच्या दृष्टीने ती आता मुकी झाली. कोर्टाची बोलावणी थांबली. घरात काहीच बदललं नाही.

जुन्या पेटीची बॅटरी संपत आली, तेव्हा डॉक्टरांनी नव्या पेटीबरोबर आणखी एक गोष्ट सुचवली. मेंदूचा बोलण्याचा इरादा टिपून जिभेच्या आणि घशाच्या नसांना नेमक्या वेळी ढकलणारी नवी प्रणाली आली होती. पेटी एकच राहणार होती, फक्त दोन कामं करणार होती. जुन्याशी जुळेल, असं बनवणाऱ्यांनी कळवलं होतं. ते जुळलं नाही.

"काय झालं ते मला नीट सांग," वृंदाने टॅबवर लिहिलं. तब्बसुम खुर्ची ओढून जवळ बसली.

"काकू, आम्ही ज्याला लायब्ररी म्हणतो ती पुस्तकांची नसते. प्रत्येक प्रोग्रामला काही कामं लागतातच. वेळ मोजणं, ठोका पाठवणं, बॅटरी सांभाळणं. ती कामं एकदाच कुणीतरी करून ठेवतं आणि सगळे प्रोग्राम तिथून उचलतात. आळीत एक पिठाची गिरणी असते ना, तसं. घरोघरी जातं ठेवायची गरज नाही."

वृंदाने मान डोलावली.

"आता समजा गिरणीवाल्याने दगड बदलले. पीठ बारीक यायला लागलं. एका घराला तेच हवं होतं. दुसऱ्या घराला भरड हवं होतं, त्यांचं सगळं बिघडलं. तुमच्या हातांचा प्रोग्राम जुना आहे. त्याला ठोक्यांच्या लायब्ररीची जुनी आवृत्ती लागते. आवाजाच्या प्रोग्रामला नवी. मोठ्या संगणकावर हे आम्ही रोज करतो. दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायच्या आणि कुणी कुठली वापरायची ते ठरवून द्यायचं. एकमेकांना पत्ताही लागत नाही."

"मग इथे?" वृंदाने लिहिलं.

"इथे घड्याळ एकच आहे. दोन्ही आवृत्त्या एका वेळी जाग्या झाल्या की दोघी तेच घड्याळ आपल्या हातात घ्यायला बघतात. ठोके एकमेकांवर आदळतात. संगणकावरच्या नकली मेंदूवर मी करून पाहिलं. फिट आली."

"जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीसाठी बदलता येत नाही का?" हे डॉक्टरांनी विचारलं.

"त्याचा मूळ मजकूर कुणाकडेच नाही, सर. तो लिहिणारी कंपनी केव्हाच बंद झाली. आणि न कळता त्यात हात घालायचा, तर तो काकूंच्या मेंदूत चालणार आहे."

डॉक्टर वृंदाकडे वळले. "एकच आवृत्ती ठेवावी लागेल. जुनी ठेवली तर हात राहतील. नवी ठेवली तर आवाज. आज सांगायला हवं असं नाही. तोवर जुनीच चालू ठेवतो."

वाटेत वृंदाने सगळं हातांनी सांगितलं, आणि घरी येईपर्यंत सुहास निश्चिंत झाला होता. त्याने चहा टाकला आणि ओट्याला टेकून हातांनी म्हणाला, "बरं झालं. नसती भानगड. हात आहेत, पुरे."

वृंदाने नकारार्थी मान हलवली, तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"मला आवाज हवाय," ती म्हणाली.

"कशाला?"

"काम करायला. माणसांत बसायला. दारात कुणी आलं तर या म्हणायला."

"आणि माझ्याशी?"

चहा उतू गेला, दोघांपैकी कुणी गॅस बंद केला नाही.

"आवाज गेला तेव्हा तू एकदाही रडली नाहीस," सुहास म्हणाला.

"तुझ्यासमोर नाही रडले."

"मला सांगायचं."

"काय सांगायचं? तुला माझा आवाज माहीतच नाही. जे तुझ्याकडे कधी नव्हतं ते गेलं म्हणून तुझ्यापाशी रडू?"

मग त्याने गॅस बंद केला, ओटा पुसला आणि दुकानात निघून गेला. पुढचे काही दिवस दोघं जेवणाखाणापुरतंच बोलली.

अशात एक दिवस रेश्मा पाखरे सुहासच्या दुकानात आली. त्या भागातली कर्णबधिर माणसं काही अडलं की त्या दुकानात येत, तशी तिला तिचा भाऊ घेऊन आला होता. रेश्मा जत तालुक्यातल्या एका वस्तीवरची. शाळेत कधी गेली नाही. बोलायची ती घरात तयार झालेल्या खुणांनी. नवरा अपघातात गेल्यावर सासरच्यांनी चार वर्षांचा मुलगा, श्रेयस, स्वतःकडे ठेवून घेतला होता. त्यांचं म्हणणं, पोराला चांगलं ऐकू येतं, मुक्या आईजवळ वाढलं तर तेही मुकं होईल. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात होतं.

न्यायालयात आता खुणा वाचणारे कॅमेरे आले होते. समोर उभं राहून हात हलवले की भिंतीवरून आवाज येई. शिकलेल्यांच्या ठरावीक खुणा ते यंत्र बिनचूक वाचत असे. रेश्मा मात्र मुलाचं नाव कानाची पाळी चिमटीत धरून घ्यायची, कारण श्रेयसच्या कानात बाळी होती. यंत्राने ती खूण 'ऐकू येणे' अशी वाचली. "श्रेयस माझा आहे, तो मला द्या," असं ती सांगत होती आणि भिंतीवरून आवाज आला, "मला ऐकू येतं. मला द्या." समोरच्या वकिलांनी लगेच ते नोंदवून घ्यायला लावलं. बाई बहिरी नाही, सोंग करते आहे, असा संशय उभा राहिला.

सुहासने वृंदाला दुकानात बोलावून घेतलं; भावाने हे सगळं तिला सांगितलं, तिने हातांनी सुहासला. रेश्मा एका शिलाई मशीनजवळ भिंतीला टेकून उभी होती. वृंदाने तिच्यासमोर बसून तिला मुलाबद्दल विचारलं. उत्तर कळेना. पुन्हा विचारलं. संध्याकाळपर्यंत दोघींत पाच-पंचवीस खुणा जमल्या. त्यानंतर रेश्मा रोज येऊ लागली. खेड्यातल्या खुणा सुहासला वृंदापेक्षा लवकर उमगत. त्याने लहानपणी आपल्या घरात तशाच खुणा केल्या होत्या. वृंदा अडली की तो मशीनवरून मान वर करून अर्थ सांगे. त्या निमित्ताने दोघं पुन्हा बोलू लागली.

रेश्माचं म्हणणं वृंदाला आता कळत होतं. न्यायाधीशांना ते सांगायला आवाज लागणार होता, आणि न्यायाधीशांचं म्हणणं रेश्माला सांगायला हात.

ती एकटीच मिरजेला गेली आणि तब्बसुमसमोर लिहून विचारलं, "दोन्ही आवृत्त्या एकदम जाग्या नकोत. पण एक झोपवून दुसरी उठवली तर?"

तब्बसुमने हा विचार आधीच केला होता. बोलायचं की नाही, एवढंच तिचं ठरत नव्हतं. पेटीच्या साठ्यात दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतील, छातीवर पेटीपाशी दोनदा टिचकी मारली की एक थांबेल, घड्याळ पुसलं जाईल आणि दुसरी सुरू होईल. मध्ये काही क्षण असे जातील की हातही नसतील आणि आवाजही नसेल.

"शिवाय पेटीची सुधारणा बंद करावी लागेल, काकू. नव्या पेटीचे बनवणारे वरचेवर नवी आवृत्ती पाठवतात आणि जुन्या सापडतील त्या पुसून टाकतात. सुरक्षेसाठीच करतात ते. तुमची जुनी वाचवायची तर पेटीला आहे तिथेच गोठवायचं. मग पुढे काही दोष निघाला तर त्याची दुरुस्ती तुमच्यापर्यंत येणार नाही."

डॉक्टर राजी नव्हते. रुग्णालयाच्या समितीसमोर चर्चा झाली. शेवटी या सुनावणीपुरती परवानगी मिळाली, तीही दिवसातून मोजक्याच वेळा बदल करायच्या अटीवर.

सुनावणीच्या दिवशी सुहास मागच्या बाकावर बसला होता. वृंदा रेश्मा आणि न्यायाधीश देवरुखकर यांच्या मधोमध उभी राहिली.

"एक सांगते, मॅडम," ती आवाजात म्हणाली. तेव्हा तिचे दोन्ही हात पदराखाली हलत होते. "मी यांचं बोलणं सांगताना 'मी' म्हणेन. तो 'मी' यांचा असेल, माझा नाही. दुभाष्याची पद्धत तशीच असते."

"माहीत आहे. सुरू करा," न्यायाधीश म्हणाल्या.

प्रश्न आला की वृंदा छातीवर टिचकी मारी, थांबे आणि हात स्थिर झाले की रेश्माला तो सांगे. उत्तर पूर्ण पाहून घेई, पुन्हा टिचकी मारी आणि आवाजात बोले. मधल्या क्षणांत तिची मान झुकलेली असे, हात थरथरत, तोंड गप्प. सगळं कोर्ट त्या वेळी तिच्याकडे बघत राही.

समोरचे वकील उठले. "मॅडम, माझा आक्षेप आहे. दुभाष्यांबद्दल आदर आहे, पण त्यांचीच तब्येत अशी. यांच्या हातांतून काय पोचतं आणि काय राहतं, कुणी सांगावं?"

"कॅमेऱ्यातून काय पोचलं ते आपण वाचलं आहे," न्यायाधीश म्हणाल्या. "बसा."

यंत्राचा घोळ वृंदाने खुणा दाखवून उलगडला. मग न्यायाधीशांनी रेश्माकडे बघून विचारलं, "मूल तुमच्याकडे दिलं, तर त्याला बोलायला कोण शिकवणार?"

वृंदाने टिचकी मारली. आजच्या मोजक्या वेळा केव्हाच संपल्या होत्या. डोळ्यांसमोर पांढरे ठिपके तरंगत होते. हात स्थिर झाले आणि तिने प्रश्न रेश्मापुढे ठेवला. रेश्माचे हात जोरात सुटले. वृंदाने एकदाही थांबवलं नाही. सगळं पाहून घेतलं, टिचकी मारली, कठड्याला धरून उभी राहिली.

"मी नाही शिकवणार," ती बोलू लागली. "बोलणं तो मामाकडून शिकेल, अंगणवाडीत शिकेल, शेजारच्या पोरांशी भांडून शिकेल. जगात बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. पण माझ्याशी बोलायला त्याला माझ्याशिवाय कोण शिकवणार? सासूबाई म्हणतात, आईमुळे पोरगं मुकं होईल. त्यांच्याकडे राहिलं तर ते माझ्यापुरतं मुकंच होईल."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून त्या दोघींकडे पाहिलं. मग श्रेयसला आठवड्यातले काही दिवस आईजवळ ठेवण्याचा तात्पुरता आदेश देऊन त्यांनी पुढची तारीख दिली.

बाहेर पायऱ्यांवर वृंदाला उभं राहवेना. सुहासने तिला बसवलं आणि समोर उकिडवा बसला. तिने टिचकी मारून हात आणले.

"आज मी तुझा आवाज पाहिला," तो म्हणाला. "त्या न्यायाधीश बाईंच्या चेहऱ्यावर. तू बोलत होतीस तेव्हा त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटायचं, आवाज म्हणजे तोंडातून येणारी हवा. तिची लोकांना उगीच सवय लागलेली असते."

वृंदाला परत ठिपके दिसत होते.

मिरजेला तब्बसुमने केलेल्या तपासणीत निघालं ते डॉक्टरांनी वृंदाला स्पष्ट सांगितलं, आणि तिने सुहासला खुणांनी. दर बदलाला घड्याळ पुसलं जात होतं आणि त्या रिकाम्या क्षणी मेंदूत छोट्या ठिणग्या पडत होत्या. अजून फिट आली नव्हती. असंच चालू ठेवलं तर येणार होती. दोन्हींतली एकच आवृत्ती ठेवायची, दुसरी पेटीतून काढून टाकायची आणि पेटी पुन्हा सुधारणांना मोकळी करायची. जुनी ठेवली तर मात्र पेटी कायम गोठलेलीच राहणार होती.

"जुनी ठेवा," वृंदाने लिहिलं. "हात."

सुहासने टॅबवरचा शब्द वाचला आणि तिचा हात बाजूला केला.

"नाही."

"तुझ्याशी बोलायला मला हात लागतात."

"तू माझ्यासाठी आवाज सोडणार. मग मी काय करू? रोज सकाळी उठून तो उपकार बघत बसू?"

"उपकार नाही."

"तुला त्या दिवशी आवाज हवा होता. ओट्याजवळ तू मला सांगितलंस. मी रागावलो म्हणून तो नकोसा झाला का?"

वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तब्बसुमला खुणा कळत नव्हत्या, तरी ती उठून खिडकीपाशी गेली.

"मला तुझं बोलणं दिसणार नाही," वृंदा म्हणाली, आणि चुकली हे कळून तिने ते बदललं. "तुला माझं बोलणं दिसणार नाही."

"नाही दिसणार," सुहास म्हणाला. "पण तू पूर्वी एका आंधळ्या-बहिऱ्या म्हाताऱ्याबरोबर काम करायचीस. कसं बोलायचा तो?"

"हातात हात देऊन."

"मग?"

"त्याच्याशी बोलणाऱ्यांचे हात स्थिर होते, सुहास."

"माझे स्थिर आहेत," तो म्हणाला.

त्याने डॉक्टरांकडून एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं रुग्णालयात लवकर आली. आत जाण्याआधी सुहास फाटकाशी थांबला. "रस्त्याच्या पलीकडे जा आणि तिथून माझ्याशी बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही."

वृंदा रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मधून बस, रिक्षा, दुधाच्या गाड्या जात होत्या. तिला बोलायला काही सुचेना. शेजारी एक शहाळीवाला बसला होता.

"शहाळी चांगली दिसतायत," ती हातांनी म्हणाली. "घेऊ का?"

"घे," सुहास पलीकडून म्हणाला. "विचार, पातळ मलईचं आहे का."

"विचारायला आवाज कुठाय?"

तो हसला. मग ती म्हणाली, तुझ्या शर्टाचं मधलं बटण तुटलंय, कालच सांगणार होते. तो म्हणाला, कळलंय. बोलणं असंच घरातलं चालू राहिलं. एक ट्रक मध्ये येऊन उभा राहिला, तो जाईपर्यंत दोघं थांबली आणि तुटलं तिथून पुढे बोलली. आतून नर्स बोलवायला आली, तेव्हा वृंदा सावकाश रस्ता ओलांडून परत आली.

जुनी आवृत्ती पुसायला फार वेळ लागला नाही. तब्बसुमने पडद्यावर विचारलेल्या प्रश्नाला होकार देण्याआधी वृंदाकडे पाहिलं, वृंदाने डोळ्यांनी हो म्हटलं. हात सुटले. सुहास वाट बघतच होता. त्याने दोन्ही मनगटं खालून धरली, घट्ट नाही, आणि तिची बोटं आपल्या तळव्यांत घेतली. कंप थांबला नाही, पण त्याच्या हातांत येऊन त्याचा जोर कमी झाला. वृंदाने एक वाक्य केलं. त्याला कळलं नाही. तिने पुन्हा केलं. त्याने चुकीचं सांगितलं. डॉक्टर बाहेर निघून गेले, तब्बसुम बसून राहिली. किती तरी वेळाने सुहासची मान हलली.

"भूक लागलीय," त्याने तिचं वाक्य परत म्हणून दाखवलं. "चल."

पुढचे महिने सोपे नव्हते. पूर्वी ती स्वयंपाकघरातून बोले, आता त्याला हातातलं काम टाकून जवळ यावं लागे. रागात असताना कुणी कुणाचे हात धरत नाही, म्हणून भांडण झालं की ते अर्धवट राही. तिच्या मनगटांवर त्याच्या बोटांचे वळ उठत. आवाजाने मात्र ती शेजारणीशी बोले, दुकानात येणाऱ्याला या म्हणे, आणि एकटी असताना रेडिओबरोबर गुणगुणे. नव्या सुधारणांनी आवाज पहिल्यापेक्षा मोकळा झाला होता. कंपासाठी दुसऱ्या काही वाटा शोधत असल्याचं डॉक्टर सांगत, पण तारीख कुणी देत नव्हतं.

रेश्माच्या पुढच्या तारखेला काय करायचं, हे सुहासने सुचवलं. वृंदा आवाज ऐकेल आणि त्याच्या हातात सांगेल. तो ते रेश्माला स्वतःच्या हातांनी दाखवेल. रेश्माचं उत्तर वृंदा डोळ्यांनी पाहून आवाजात सांगेल. वृंदाने न्यायालयाला तशी विनंती केली आणि ती मान्य झाली.

निकाल नंतर रेश्माच्या बाजूने लागला आणि श्रेयस कायमचा आईकडे गेला. त्या सुनावणीतलं पुष्कळसं वृंदा पुढे विसरली. सकाळची सुरुवात मात्र तिला कायम आठवत राहिली.

दुभाष्याला शपथ द्यावी लागते. वृंदाची झाली. मग न्यायाधीश देवरुखकर सुहासकडे वळल्या. "तुमचं नाव, व्यवसाय, आणि या दुसऱ्या दुभाष्यांशी तुमचा संबंध सांगा."

वृंदा बाकावरून सुहासकडे वळली. त्याने तिचे हात घेतले आणि प्रश्न वाचला. मग ते अलगद तिच्या मांडीवर ठेवून तो उभा राहिला आणि न्यायाधीशांसमोर बोलू लागला. न्यायालयात तो याआधी कधी बोलला नव्हता. वृंदा त्याच्या हातांकडे बघत होती आणि पद्धतीप्रमाणे 'मी' म्हणत होती.

"मी सुहास गजानन तोडकर. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. मला जन्मापासून ऐकू येत नाही."

सुहासने तिच्याकडे बोट केलं आणि पुढची खूण केली. वृंदा थांबली. लेखनिकाने मान वर केली, न्यायाधीशांनी वाट पाहिली.

"ही माझी बायको आहे," वृंदा म्हणाली. "हिला जे म्हणायचं असतं ते मला कळतं. कधी उशिरा कळतं, पण कळतं."

"लिहून घ्या," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाल्या आणि त्यांनी रेश्माला पुढे बोलावलं.